गिअरबॉक्समधलं पितळ

१

वरच्या प्लगचं सील तुटलेलं होतं.

वर्कशॉपच्या खड्ड्यात उतरून वरच्या ट्रकच्या पोटावर बॅटरी मारली आणि पहिली नजर तिथेच गेली. गिअरबॉक्सला दोन प्लग असतात. वरच्यातून ऑइल भरायचं, खालच्यातून काढायचं. सर्व्हिसिंग झालं की दोन्ही प्लगांना बारीक तार ओवून आम्ही शिशाचं सील ठोकतो, आणि ज्यानं काम केलं त्याचा नंबर त्यावर उमटवतो. माझा नंबर सात. खालचं सील जिथल्या तिथे होतं, सात स्वच्छ वाचता येत होता. वरची तार मात्र कुणीतरी पकडीनं कापून, पुन्हा पीळ देऊन बेमालूम बसवलेली. दुसरा कुणी असता तर फसला असता. मी तीस वर्षं या खड्ड्यात काढलीत, मी कसला फसतोय!

“मिस्त्री, काय निघालं?” वरून आवाज आला.

हा ट्रकचा मालक. गाडी चालवतोही तोच. दोन भावांतला धाकटा, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला धाकटाच म्हणतात. दुसऱ्याच्या गाडीवरची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी त्यानं हा नवा कोरा ट्रक घेतला. गेले दोन-तीन महिने तिसरा गिअर टाकला की बॉक्स खर्रर्र करून ओरडायचा, आणि आज सकाळी तर तिसरा-चौथा पडेचनात. शेवटी टोचन लावून ट्रक आमच्या फाटकातून आत आणावा लागला.

“उद्या संध्याकाळी पाचला वॉरंटी संपतेय,” तो म्हणाला. “कंपनीनं नवा बॉक्स दिला तर वाचलो, मिस्त्री. नाही दिला तर ट्रक विकायचा आणि परत दुसऱ्याच्या दारात ड्रायव्हर म्हणून उभं राहायचं. दुसरा रस्ताच नाही.”

मी वर आलो, हात पुसले आणि सांगितलं. नियम साधा आहे. वर्कशॉपबाहेर सील तुटलं, की क्लेम गेला.

तो तिथल्या एका टायरवर मटकन बसला. “आईशप्पथ सांगतो, त्या बॉक्सला मी बोटसुद्धा लावलेलं नाही.”

मग त्यानं मान वर केली. चेहरा पार बदललेला.

“दादा,” तो म्हणाला. “हे दादाचंच काम. जळतो तो माझ्यावर!”

२

सील तुटलेलं निघालं की कंपनीचा तपासनीस येतो. या वेळी आली ती डायरी. मला ठाऊकच होतं, तीच येणार.

बारा वर्षांपूर्वी ही पोरगी माझ्या हाताखाली शिकायला आली तेव्हा तिला दहाचा पाना आणि बाराचा पाना यांतला फरक कळत नव्हता. सांगेन ते वहीत उतरवून घ्यायची, म्हणून मीच तिचं नाव डायरी पाडलं. पुढे तिनं कसल्या कसल्या परीक्षा दिल्या, कंपनीत गेली, आणि आता चार वर्कशॉपांची तपासनीस होऊन माझ्याच डोक्यावर येऊन बसली. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटतो. तिची गाडी फाटकात दिसली की पोटात आग पडते. ती खुर्ची माझी होती हो!

बरं, तिला आता ‘तू’ म्हणायची सोय नाही आणि ‘मॅडम’ म्हणायला जीभ वळत नाही. त्यामुळे मी सगळं अधांतरी बोलतो. “चहा व्हायचा का?” “खड्ड्यात उतरायचं का?” सगळं वर्कशॉप गालातल्या गालात हसतं. हसू देत.

शिवाय तिची ती परिपत्रकं! दर महिन्याला एक. पाने कुठे ठेवावेत, हात कशानं पुसावेत, कुठल्या मॉडेलला कुठलं ऑइल, जॉब कार्ड कुठल्या शाईनं भरावं. वाचून सही करायची. मी सही तेवढी ठोकतो. माझ्याकडून शिकली आणि मलाच शिकवायला निघाली.

तर ती खड्ड्यात उतरली. मी बॅटरी धरली. अख्ख्या गिअरबॉक्सवर चिखलाचा थर होता, फक्त वरच्या प्लगभोवती तळहाताएवढ्या पुसलेल्या जागेवर तो अगदी पातळ होता.

“पुरावा पुसलाय,” मी म्हणालो. “बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून.”

“तारेवरचे ठसे नाही पुसले, प्लगभोवतीची धूळ तेवढी पुसली?” ती म्हणाली आणि डायरीत काहीतरी लिहिलं.

तिनं वरचा प्लग उघडला. ऑइल भोकाच्या ओठापर्यंत काठोकाठ होतं, एक ओघळ बाहेरही आला. मग खालच्या सीलचा नंबर टिपून घेतला, ते कापलं, प्लग काढला आणि सगळं ऑइल ट्रेमध्ये उतरवलं. पहिला थेंब बोटावर घेतला, शेवटचाही घेतला. बराच वेळ चोळत बसली. मग ट्रे माझ्यापुढे केला.

“वास बघा, मिस्त्री.”

मी बघितला. “ऑइलचा वास ऑइलसारखाच येणार. अत्तराचा यायला हवा होता का?”

ती हसली नाही. आम्ही वरचं झाकण काढलं. गिअर बदलताना दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून या बॉक्समध्ये पितळी रिंगा असतात. चांगल्या पिवळ्याधमक असतात. इथे त्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या, आणि तिसऱ्या गिअरची तर नखानं खरवडली तरी भुकटी निघत होती.

“हे एका दिवसाचं काम नाही,” ती म्हणाली. “शेवटचं ऑइल कुणी बदललं?”

“मी. सहा महिन्यांपूर्वी. नवी मॉडेलं एरवी दुसरा मिस्त्री बघतो, पण तो रजेवर होता. आणि धाकट्यानंही गाडी मुद्दाम माझ्या हातात दिली होती. थोरल्या भावानंच त्याला तसं सांगितलं होतं.” हे मी जरा छाती काढूनच सांगितलं.

“कुठलं टाकलंत?”

“नेहमीचं.”

तिनं जॉब कार्ड मागवून घेतलं. त्यावरही माझ्याच अक्षरात होतं, ऑइल : नेहमीचं. तिनं ते डायरीत उतरवलं आणि लगेच विचारलं, “धाकट्याच्या घरी कोण कोण असतं?”

“का?”

“कारण ज्यानं वरचं सील तोडलं, त्यानं हा बॉक्स बिघडवलेला नाही,” ती म्हणाली. “पण तो तोडणारा सापडल्याशिवाय मला बिघडवणारा सापडणार नाही.”

३

दुपारी आम्ही धाकट्याच्या घरी गेलो. डायरी, मी आणि धाकटा. मला कशाला न्यायचं ते कळलं नाही, पण गेलो. तिचं काय चुकतंय ते बघायला मिळालं असतं.

दोघा भावांचं आवार एकच. दोन दारं, एक नळ, कपडे वाळत घालायची एक दोरी, आणि दोन ट्रक उभे करायची फरशी. धाकट्याची जागा आज रिकामी होती. तिच्या शेजारी थोरल्याचा ट्रक, सोळा वर्षांचा म्हातारा, पण असा घासून-पुसून ठेवलेला की आरशाऐवजी त्याच्या दारात बघून भांग पाडून घ्यावा. थोरला घरात होता. त्यानं खिडकीतून आम्हाला पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

धाकट्याची बायको कपडे वाळत घालत होती.

“वहिनी, ट्रकबद्दल थोडं विचारायचंय,” डायरी म्हणाली.

“ट्रक म्हणू नका. सवत आहे ती माझी,” वहिनी म्हणाल्या. “सकाळी उठले की हे आधी तिचं तोंड धुणार. मला ताप आला तर गोळी घे म्हणतात, तिला नुसता खोकला आला तरी दिवसभर तिच्या पोटाखाली झोपून राहतात. आज टोचन लावून नेली तर यांच्या डोळ्यांत पाणी! मी माहेराहून निघाले तेव्हा अख्खा मांडव रडत होता आणि हे दात काढून हसत होते.”

“अगं, काय बोलतेयस!” धाकटा चिडला.

“खरं तेच बोलतेय. बंद पडू दे एकदाची, असंही म्हणालेय मी. दहादा म्हणालेय.”

मी डायरीकडे पाहिलं. बघ म्हटलं, एक संशयित तर आपल्या पायांनी चालत आली. डायरीनं शांतपणे विचारलं, “मग तुम्हीच कधी तिच्या पोटाखाली गेला नाहीत ना? पकड घेऊन?”

वहिनी जोरात हसल्या. “मी? मला राग काढायचा असता तर मी तिचा आरसा फोडला असता, समोरची काच फोडली असती. यांना दिसेल असं काहीतरी. पोटाखाली जाऊन कुणाला न दिसेल असं करायचं, तर मग करायचंच कशाला?”

हे उत्तर मला पटलं. का पटलं याचाच मला राग आला.

“मग गेलं कोण होतं?” डायरीनं विचारलं. विचारलं असं, की जणू कुणीतरी गेलं होतं हे तिला माहीतच आहे.

वहिनींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या दाराकडे. “मला भावाभावांत आग लावायची नाही. जाऊबाईंशी माझं चांगलं आहे.”

“बोल,” धाकटा म्हणाला.

“मागल्या महिन्यात तुम्ही लग्नाला गेला होता, ट्रक इथेच होता. मी अशीच कपडे घालत होते, तेव्हा मी पाहिलं...”

“मी सांगतो तिनं काय पाहिलं ते,” मागून आवाज आला.

शेजारच्या दारात थोरला उभा होता.

४

“वरची तार मीच कापली,” थोरला म्हणाला.

धाकटा त्याच्या अंगावर धावलाच. मी मधे पडलो म्हणून वाचलं, नाहीतर त्या दोरीवरचे कपडे खाली आणि भाऊ त्यांच्यावर, अशी गत झाली असती. वहिनी “अहो, अहो” करत राहिल्या. डायरी मात्र नळाच्या कट्ट्यावर जाऊन बसली, जणू काही झालंच नाही.

“का कापलीत?” तिनं विचारलं.

“आवाज ऐकवत नव्हता. ही गाडी आवारात शिरताना तिसऱ्यावर ओरडायची ते मला घरात ऐकू यायचं. याला म्हटलं, बॉक्स बघ. तर हा मला म्हणतो, नवं मॉडेल आहे दादा, तुला नाही कळायचं.” थोरल्यानं भावाकडे न बघता सांगितलं. “सोळा वर्षं मी गाडी चालवतोय, यालाही मीच शिकवलं. आणि मला नाही कळायचं! म्हणून हा नसताना खाली शिरलो. फडक्यानं पुसून घेतलं, प्लग उघडला, बोट बुडवलं, वास घेतला. परत बंद केलं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग याला काहीच सांगितलं नाहीत?”

थोरला स्वतःच्या ट्रककडे बघत म्हणाला, “नाही सांगितलं. बरं वाटलं म्हणून.”



“हा नवा ट्रक घेऊन आला,” तो पुढे म्हणाला, “तेव्हापासून येणारा-जाणारा याच्या गाडीपाशी थांबतो. माझ्या गाडीकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझी बायकोसुद्धा म्हणते, त्यांची बघा कशी दिसते. तर आत बोट घातलं आणि बघतो तर काय, माझ्याच गाडीचं ऑइल! काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास येतो ना, तोच. म्हटलं, वरून एवढा रुबाब आणि पोटात दोघींच्या एकच. दोन वर्षांत पहिल्यांदा मला गार वाटलं. ते सुख मी बोलून कशाला घालवू?”

“खोटं बोलतोय हा!” धाकटा ओरडला. “यानंच काहीतरी ओतलं आत. जळकुटा!”

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. माणूस जळतोय, पकड घेऊन खाली शिरलाय, सील तोडलंय, आणि कबूलही करतोय. अजून काय पाहिजे? आणि मनातल्या मनात मी थोरल्याला चांगलाच ओळखत होतो. दुसऱ्याच्या नव्या गोष्टीत खोट निघाली की किती गार वाटतं, ते मला कुणी शिकवायला नको होतं.

डायरीचं पेन मात्र थांबलं होतं.

“काडी ओढल्यासारखा वास. नक्की?”

“सोळा वर्षं तेच भरतोय मी. झोपेतसुद्धा ओळखेन.”

तिनं डायरी मिटली. “उद्या दुपारी तीनला सगळे वर्कशॉपला या. बॉक्स कुणी बिघडवला ते मला कळलंय.”

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, निघायची खूण करतेय. मी उठलो.

५

दुसऱ्या दिवशी तीनला सगळे जमले. धाकटा आणि थोरला खड्ड्याच्या दोन टोकांना, वहिनी मधे, मी हत्यारांच्या कपाटाला टेकून. भिंतीवरच्या घड्याळाकडे धाकटा दर मिनिटाला बघत होता. वॉरंटीचे दोन तास उरले होते.

डायरीनं स्टोअरमधून दोन वाट्यांत ऑइल आणून टेबलावर ठेवलं होतं. एकीत दाट, तपकिरी. दुसरीत पातळ, पिवळसर.

“हे दाट ऑइल जुन्या गाड्यांचं,” ती म्हणाली. “यात गंधक असतं. काडीच्या टोकाला असतं तेच. म्हणून तो वास. जुन्या बॉक्समधल्या लोखंडी दातांना ते चांगलं मानवतं. पण नव्या मॉडेलमध्ये पितळी रिंगा आहेत, आणि पितळाला गंधक खातं. सावकाश, महिनोन् महिने. आधी काळं करतं, मग भुकटी करतं. म्हणून नव्या बॉक्सला हे पातळ ऑइल लागतं. काल आपण काढलं ते मात्र सगळं दाट होतं.”

“मग हेच ओतलं दादानं!” धाकटा म्हणाला. “त्याच्याकडे डबा असतोच!”

“ओतलं कुठे?” डायरीनं विचारलं. “वरचा प्लग हीच ऑइलची खूण असते. ओठापर्यंत आलं की बॉक्स भरला. भरलेल्या बॉक्समध्ये वरून एक वाटी ओतली तर एक वाटी बाहेर येते. आणि तुमच्या दादानं आधी प्लगभोवतीची धूळ पुसून घेतली. ज्याला वाटोळं करायचंय तो कशाला पुसत बसेल? आत कचरा जाऊ नये म्हणून पुसतो, तो यंत्रावर जीव असलेला माणूस.”

थोरल्यानं मान खाली घातली.

मला राहवलं नाही. तिचं चुकलेलं दाखवायची संधी मी कशी सोडणार! “नळी घालून वरूनच आधीचं ओढून काढलं असेल, मग दाट भरलं असेल,” मी म्हणालो.

“चांगली शंका आहे, मिस्त्री. पण नळीनं तळाचं ऑइल निघत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंय. तळाशी थोडं पातळ राहिलंच असतं. मी पहिला थेंब बघितला, शेवटचाही बघितला. पातळाचा मागमूस नाही. म्हणजे कुणीतरी खालचा प्लग उघडून बॉक्स पार रिकामा केला आणि मग दाट भरलं.”

“मग तेही दादानंच...”

“खालच्या प्लगचं सील काल मी स्वतः कापलं,” ती म्हणाली. “तोपर्यंत ते अखंड होतं. सहा महिने अखंड होतं. म्हणजे खालचा प्लग शेवटचा ज्यानं उघडला, त्यानंच ते सील ठोकलं.”

“कुणी?” धाकट्यानं विचारलं.

डायरीनं हातातली डायरी मिटली आणि सगळ्यांना चहा घेऊन यायला सांगितलं.

नेहमीचं. मी म्हणालो होतो, नेहमीचं. स्टोअरमध्ये दोन पिंपं असतात. त्या दिवशी नवं पिंप पुढेच होतं, त्यावर कागद चिकटवलेला होता आणि कागदाखाली तिची सही होती. ती सही दिसली म्हणूनच मी कागद वाचला नाही. पिंप बाजूला सारलं आणि मागच्या जुन्या पिंपाची तोटी सोडली. तीस वर्षं नाकात बसलेला वास, काल ट्रेमधून आला तो मला कळणार कसा?

६

सगळे बाहेर गेले. ती आणि मी दोघंच उरलो.

“कालच कळलं होतं तुला!” मी म्हणालो. ‘तू’ कधी तोंडातून गेलं ते समजलंही नाही. “मग कालच का नाही बोललीस? चारचौघांत माझं पितळ उघडं पाडायची हौस होती?”

“मी नाव घेतलं का तुमचं?”

नव्हतं घेतलं.

“मी लिहिलं की वर्कशॉपची चूक आहे,” ती म्हणाली, “तर वर्कशॉप म्हणणार, चौकशी करा. चौकशीला महिना लागतो. वॉरंटी आज पाचला संपते. पण ज्यानं केलं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं, तर मला आत्ता सही करता येते. कंपनीच्याच वर्कशॉपात चूक झाली म्हणजे बॉक्स कंपनीनं द्यायचा. मग वरच्या सीलचं कुणी विचारत नाही.”

“आणि मी नाही लिहिलं तर?”

“तर वरचं सील तुटलंय, ते थोरल्यानं तोडलंय, आणि त्यानं ते कबूल केलंय. एवढंच कागदावर राहील.”

मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाकाच्या एका टोकाला धाकटा, दुसऱ्या टोकाला थोरला. वहिनी थोरल्यापुढे चहाचा कप धरून उभ्या होत्या, तो घेत नव्हता. धाकट्यानं त्याच्याकडे पाठ केली होती.

मी गप्प राहिलो असतो तर काहीच अवघड नव्हतं. गुन्हेगार आयता तयार होता, भावानंच त्याला ठरवलं होतं. माझं तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. शिवाय तपासनीस बाईंनी लावलेला शोध कागदावर आलाच नसता, सगळ्यांदेखत ती तोंडघशी पडली असती. माझ्या जळत्या पोटाला तेही गोड वाटलं. वाटलं, हे मी लपवणार नाही.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर धाकट्यानं डोकं हातांत धरलं. विकायच्या ट्रकचा मालक कसा बसतो ते मला बघवेना.

“पेन द्या, मॅडम,” मी म्हणालो.

तिनं दिलं. मी लिहिलं, नव्या मॉडेलच्या गिअरबॉक्समध्ये जुन्या गाड्यांचं ऑइल मी भरलं. कुठलं ऑइल भरायचं याचं परिपत्रक आलं होतं, त्यावर मी न वाचता सही केली. खाली नंबर सात घातला.

“का वाचलं नाही, तेही लिहायचं का?” मी विचारलं.

“फॉर्मवर तेवढी जागा नाही,” ती म्हणाली.

तिनं खाली सही केली, शिक्का मारला आणि क्लेम पाठवला. पाचला अठरा मिनिटं कमी होती.

७

बाहेर येऊन मी धाकट्याला सांगितलं. आडवळण घेतलं नाही. “तुझा बॉक्स मी बिघडवला. दादानं नाही. क्लेम गेलाय, नवा बॉक्स मिळेल.”

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, कळत नसल्यासारखा. मग वळून थोरल्याकडे गेला.

“तुला वास कळला होता, दादा. महिनाभर आधी कळला होता.”

“कळला होता,” थोरला म्हणाला.

“सांगायचं होतंस रे.”

“हो. सांगायला हवं होतं.”

घरी जाताना थोरल्याच्या जुन्या ट्रकमध्ये तिघंही पुढे बसले, आणि गाडी धाकट्यानं चालवली.

सहाव्या दिवशी नवा गिअरबॉक्स आला. मी सकाळी लवकर येऊन खड्डा धुतला, पाने मांडले, नव्या ऑइलचं पिंप स्वतः ढकलत आणलं. त्यावरचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. दोनदा वाचला. म्हटलं, हा बॉक्स असा बसवू की दहा वर्षं आवाज करणार नाही.

दोघे भाऊ आले. डायरीही आली होती. मी बाह्या सारल्या आणि खड्ड्याची पहिली पायरी उतरलो.

“मिस्त्री,” धाकटा म्हणाला. “तुम्ही नको.”

आवाज चढवून नाही म्हणाला. उलट जरा हळूच म्हणाला, मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात तसं. मी डायरीकडे बघितलं. ती आता माझी बाजू घेईल असं मला वाटलं, का वाटलं देव जाणे. ती म्हणाली, “गाडी त्यांची आहे, मिस्त्री.”

बरोबरच होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि याच्याइतकं हळू म्हणालो नसतो.

दुसऱ्या मिस्त्रीला हाक मारली. हातातला पाना त्याला दिला आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. तीस वर्षांत मला कुणी गाडीला हात लावू नका म्हणालं नव्हतं. आतून जॅक चढल्याचा आवाज आला, मग एकेक बोल्ट बसत गेला. कितवा बोल्ट बसतोय ते मला बाहेर बसून कळत होतं. तिसरा त्यानं जरा घाईनं आवळला, पण मी काही ओरडलो नाही. डायरीचा मी इतकी वर्षं हेवा केला. त्या सकाळी मात्र त्या दुसऱ्या मिस्त्रीचा जितका हेवा वाटला, तितका आयुष्यात कधी कुणाचा वाटला नाही.